खिडकी बदलायची तर घर का पाडायचे?

मी संगणकाची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला संगणकाची जी काही प्रश्नोत्तरे होती, ती पाठ करून आमची पिढी पास झाली. त्यामुळे आजचा विषय वाचून काही वाचकांना वाटेल, आपांनी आता हे कुठले नवे काढले. पण थोडा धीर धरा. विषय संगणकाचा असला तरी प्रश्न आपल्या भाषेचा आहे, आणि आपल्यासाठी कोण काय ठरवतो याचाही आहे.

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत संगणकाची एक खोली आहे. यंत्रे जुनी. नवे विंडोज त्यांच्यावर चालत नाही, आणि परवान्याचे पैसे शाळेकडे नाहीत. म्हणून माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तिथे लिनक्स बसवून दिले. मुलांना चित्रे काढता येतात, टाइप करता येते, आणखी काय हवे?

गेल्या वर्षी मी मुलांकडून एक शब्दसंग्रह करून घेतला. उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे नांदणारे शब्द : दुकान, जमीन, कागद, शाई, तारीख, वकील, जिल्हा. एका फाइलमध्ये एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. मुलांना फार मजा आली. 'चिटणीस' आणि 'फडणीस' यांच्यात फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा लपलेला आहे, हे कळल्यावर तर वर्गात नुसता गोंगाट. माजी विद्यार्थी म्हणाला, "आपा, हा शब्दसंग्रह टर्मिनलमध्ये शोधता येईल. शब्द टाइप केला की ओळ समोर." टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे माउस न वापरता आज्ञा लिहून संगणकाकडून काम करून घेतात.

त्याने आज्ञा लिहिली, ओळ आली. मराठीत 'जिल्हा'ची वेलांटी एकीकडे, 'ल्हा' तुटून दुसरीकडे. उर्दूचे हाल त्याहून वाईट. अक्षरे सुटी सुटी आणि उलट क्रमाने, डावीकडून उजवीकडे. उर्दू वाचणाऱ्याला 'किताब'च्या जागी 'बातक' दिसावे, अशी. सहावीतली एक मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "आपा, उर्दू टूट गई."

संगणक बिघडला, असे ती म्हणाली नाही. उर्दू तुटली, असे म्हणाली. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, म्हणून हा लेख.

खिडकी कोणाच्या मापाची?

टर्मिनलचा इतिहास थोडा जुना आहे. आजची ही काळी खिडकी म्हणजे पूर्वीच्या खऱ्या यंत्रांची नक्कल. 1978 साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी 100 नावाचे यंत्र आणले. पडद्यावर 24 ओळी, प्रत्येक ओळीत 80 घरे, एका घरात एक अक्षर. आजची टर्मिनलेही मुळात याच चौकटीत काम करतात. इंग्रजीला ही चौकट शोभते. एम जाड आणि आय बारीक, पण दोघांना एकेक घर दिले की भागते.

आपल्या लिप्या अशा वहीत मावत नाहीत. देवनागरीत व्यंजनाला व्यंजन जोडले की नवा आकार तयार होतो, आणि वेलांटी उच्चारात नंतर येत असली तरी अक्षराच्या आधी लिहिली जाते. उर्दूत तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे रूप घेते, आणि ओळ उजवीकडून डावीकडे चालते. नस्तालीक वळण तर ओळीत तिरके उतरत येते. त्याला चौकोनी घरात कोंबणे म्हणजे कातिबाच्या हाताला आलेखाचा कागद देणे.

पण हे अशक्य नाही. एमएलटर्म नावाचे टर्मिनल आहे, ते अनेक लिप्या डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले गेले. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्याही आणि भारतीयही. केडीईच्या कॉन्सोलमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय आहे. ग्नोमचे टर्मिनल ज्या व्हीटीई लायब्ररीवर उभे आहे, तिच्यात ही सोय 2019 साली आली. उलट एक्सटर्म आणि अलॅक्रिटी या दोन नामांकित टर्मिनलांत ती नाही. म्हणजे कोणती खिडकी उघडते, हा आवडीनिवडीचा किंवा रंगसंगतीचा मामला नव्हे. एका खिडकीत माझ्या विद्यार्थिनीची भाषा धड दिसते, दुसरीत मोडते.

मग सोपे आहे ना? दुसरे टर्मिनल बसवा, तेच डीफॉल्ट करा, संपला विषय. आम्हालाही तसेच वाटले होते.

पानभर यादी

नवे टर्मिनल बसवले. ते स्वतंत्रपणे उघडले तर उर्दू बऱ्यापैकी नीट दिसू लागली. पण मुलांसाठी पडद्यावर जे शब्दसंग्रहाचे चिन्ह ठेवले होते, त्यावर दोनदा टिचकी मारली की जुनीच खिडकी उघडे. सेटिंग्ज पालथ्या घातल्या. ब्राउझर कोणता हवा हे विचारणारी जागा होती, मेल कोणता, व्हिडिओ कशात पाहायचा, तेही. टर्मिनलचे नाव नाही.

शेवटी तो म्हणाला, "जुने काढूनच टाकतो." काढण्याची आज्ञा दिली. संगणकाने पानभर यादी समोर ठेवली : हे काढायचे तर पूर्ण डेस्कटॉपचे पॅकेजही जाईल, आणि मग ही एवढी पॅकेजे कोणालाच लागत नाहीत, म्हणून तीही काढता येतील. त्या यादीत चित्रे पाहण्याचा प्रोग्राम होता, कॅल्क्युलेटर होता, काय नव्हते? एक खिडकी बदलायला निघालो, तर घरच पाडायची परवानगी मागितली जात होती. आम्ही घाईघाईने 'नाही' दाबले.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी मी डेबियनचे उदाहरण घेते. ही लिनक्सची 1993 पासून चालत आलेली आवृत्ती, आणि उबुंटूपासून आपल्या सी-डॅकच्या बॉसपर्यंत अनेकांचा पाया. तिथे प्रत्येक प्रोग्राम पॅकेजच्या रूपात येतो, आणि आपल्याला आणखी काय लागते हे तो पॅकेजवर लिहून आणतो. लिहिण्याचे मुख्य प्रकार तीन : डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स.

आपल्या स्वयंपाकघरात हे रोज चालते. बिर्याणीला तांदूळ आणि गोश्त लागतेच. ते नसेल तर बिर्याणीच नाही. हे डिपेंड्स. रायता बहुतेक घरांत असतोच, पण एखाद्याने नको म्हटले तर बिर्याणी चुलीवरून उतरवत नाहीत. हे रेकमेंड्स. आणि नंतर जर्दा असला तर उत्तमच, हे सजेस्ट्स. डेबियनच्या नियमपुस्तकात रेकमेंड्सचा अर्थ असाच दिला आहे : अपवाद सोडला तर जे बरोबर असतेच, ते. 2009 च्या लेनी या आवृत्तीपासून रेकमेंड्समधली पॅकेजेही आपोआप बसतात. मात्र ती नंतर काढता येतात, बाकीच्याला धक्का लागत नाही.

आता डेस्कटॉपचे पॅकेज. यात स्वतःचा असा माल फारसा नसतो. ती एक यादी असते : अमुक ब्राउझर, तमुक टर्मिनल, अमुक कॅल्क्युलेटर. ही यादी डिपेंड्समध्ये लिहिली, तर रायत्याला तांदळाचा दर्जा मिळतो. रायता काढला की व्यवस्था म्हणते, बिर्याणी मोडली. बिर्याणीच नाही म्हटल्यावर तिच्यासोबत आलेली ताटे-वाट्याही बिनकामाच्या ठरतात. पानभर यादीचे रहस्य एवढेच. कोणाचा दुष्टावा नाही. 'सोबत असलेले बरे' आणि 'याशिवाय चालणारच नाही' या दोन गोष्टींत कोणीतरी फरक केला नाही, इतकेच.

नावाला नव्हे, कामाला बांधा

या दुखण्यावर डेबियननेच जुना आणि चांगला उपाय काढलेला आहे, आणि मला तो शिक्षिका म्हणून फार आवडला. तिथे 'एक्स-टर्मिनल-एम्युलेटर' नावाचे एक पॅकेज आहे, जे प्रत्यक्षात नाहीच. ते पदाचे नाव आहे, व्यक्तीचे नव्हे. शाळेच्या घटनेत 'मुख्याध्यापक' लिहितात, कोणा एकाचे नाव लिहीत नाहीत, तसे. ज्याला टर्मिनल हवे, त्याने लिहावे : अमुक टर्मिनल, किंवा हे पद सांभाळणारे कोणतेही. आणि ज्या टर्मिनलला त्या पदावर बसायचे आहे, त्याने काही अटी पाळाव्यात. उदाहरणार्थ, ठरलेल्या पद्धतीने आज्ञा दिली की खिडकी उघडून आतमध्ये ती चालवून दाखवायची. एखाद्या टर्मिनलची पद्धत वेगळी असेल तर मध्ये छोटा दुभाषा प्रोग्राम ठेवतात, पण अट मोडत नाहीत.

त्या पदावर सध्या कोण बसणार, हे ठरवायला 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' ही आज्ञा आहे. प्रत्येक उमेदवाराला एक गुणांक असतो. कोणी काही सांगितले नाही तर जास्त गुणांकाचा बसतो. पण संगणक सांभाळणाऱ्याने एकदा स्वतः निवड केली, की नंतर जास्त गुणांकाचा कितीही मोठा उमेदवार आला तरी ती निवड बदलत नाही. माणसाचा शब्द यंत्राच्या गणिताच्या वर. 'डीफॉल्ट' या शब्दाचा अर्थ मला इथे कळला : तुम्ही बोलेपर्यंत आम्ही हे धरून चालतो. तुम्ही बोललात की तुमचे खरे.

मग आमच्याकडे हे का चालले नाही? कारण प्रत्येक प्रोग्राम त्या पदाला विचारत नाही. ग्नोमच्या पायाशी असलेल्या ग्लिब या लायब्ररीत कित्येक वर्षे टर्मिनलांची नावेच ओळीने लिहिलेली होती. त्यांतले पहिले जे सापडेल ते उघडायचे. वापरणाऱ्याला काय हवे, हा प्रश्नच त्या यादीत नव्हता. यादी लिहिणाऱ्याने वाईट हेतूने लिहिली नाही. त्याच्या टेबलावर जी टर्मिनले होती ती त्याने लिहिली. त्याच्या टेबलावर उर्दू नव्हती, एवढेच.

शिवाय डेबियनची ती निवड पूर्ण यंत्रासाठी असते, आणि ती करायला व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. एका यंत्रावर सकाळी उर्दूची मुलगी बसते, दुपारी प्रोग्रामिंग शिकणारा मुलगा बसतो. दोघांना वेगळी खिडकी हवी असू शकते. आता एक्सडीजी-टर्मिनल-एक्झेक नावाचा नवा प्रस्ताव आला आहे. त्यात प्रत्येक वापरणारा आपल्या खात्यातल्या एका छोट्या फाइलमध्ये आपली पसंती लिहितो, आणि प्रोग्रामांनी तिला विचारायचे. ग्लिबही आता आधी त्याचा शोध घेते. केडीई आणि एक्सएफसीईमध्ये तर टर्मिनल निवडायची सोय सेटिंग्जमध्येच आहे. म्हणजे हे जमण्यासारखे काम आहे. कोणीतरी मनावर घ्यावे लागते.

दुसरी बाजू

माझ्या माजी विद्यार्थ्याने या बाबतीत माझ्याशी बराच वाद घातला. त्याचे म्हणणेही न्याय्य आहे. तो म्हणाला, "आपा, प्रत्येक पर्यायाला किंमत असते. दहा टर्मिनले आणि पाच डेस्कटॉप म्हटले की पन्नास जोड्या तपासाव्या लागतात. हे काम करणारे बरेचसे लोक पगाराशिवाय करतात. आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वीस प्रश्न विचारले तर तो संगणक बंद करून निघून जाईल."

हे मला मान्य आहे. मीही वर्गात पहिल्या दिवशी मुलांना 'कोणता धडा आधी घेऊ?' असे विचारत नाही. डीफॉल्ट असावे, चांगले असावे, आणि बहुतेकांना ते बदलावेसेच वाटू नये. माझी तक्रार डीफॉल्टबद्दल नाही. डीफॉल्ट आणि सक्ती यांच्यातली भिंत नाहीशी होते, तिथे माझी तक्रार आहे. पन्नास जोड्या तपासू नका. पण जी जोडी तुम्ही तपासली नाही, ती मी माझ्या जबाबदारीवर वापरत असेन, तर माझा कॅल्क्युलेटर काढून घेण्याची धमकी देऊ नका.

आणि गरज नसलेले बंधन फक्त गैरसोयीचेच असते असे नाही, ते धोक्याचेही ठरते. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आटोपशीर करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. दीर्घकाळ मदत करून ज्याने विश्वास कमावला होता, त्याच्याच नावाने तो बसवला गेला. रोख होता दूरच्या संगणकात शिरण्याच्या ओपनएसएसएच या प्रोग्रामवर. आता गंमत पाहा. ओपनएसएसएचला स्वतःला एक्सझेडची गरजच नव्हती. डेबियनसह काही वितरणांनी 'मी सुरू झालो' एवढा निरोप सिस्टमडीला देता यावा म्हणून त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीच्या पाठोपाठ एक्सझेड आत आले. एका अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, म्हणून हे पकडले गेले. तोवर तो माल स्थिर आवृत्त्यांत पोहोचला नव्हता, हे नशीब. पुढे त्याच वर्षी ओपनएसएसएचने तेवढा निरोप देण्याचे काम स्वतःच्याच प्रोग्राममध्ये लिहून घेतले. एका निरोपासाठी पूर्ण वरात घरात घेऊ नये, हा धडा जगाने अर्ध्या सेकंदाच्या फरकाने शिकला.

हे फक्त लिनक्सचे दुखणे नाही

वाचक म्हणतील, आपा, आम्ही कुठे लिनक्स वापरतो? पण मोबाइल तर वापरता. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. मुद्दा ओळखीचाच होता : फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल, तर गुगलच्या इतर ॲपांचा संचही सोबत घ्यावा लागे. म्हणजे तांदूळ हवा तर रायताही आमच्याच दुकानाचा. मार्च 2023 मध्ये अपिलात काही निर्देश रद्द झाले, पण दंड कायम राहिला. त्याआधी जानेवारीतच गुगलने भारतात शोधयंत्र निवडण्याची मुभा आणि ॲपे सुटी देण्याची तयारी जाहीर केली होती.

आणि मराठी-उर्दूवाल्यांना तर हे दुखणे त्याहून जुने आहे. ज्यांनी डीटीपीच्या दुकानात पत्रिका छापल्या, त्यांना आठवेल. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. उर्दूचे मासिक जुन्या इनपेजमध्ये केले की त्याची अक्षरे इनपेजबाहेर निरर्थक. त्या सॉफ्टवेअरांचे आपल्यावर उपकार आहेत, त्यांनी आपली अक्षरे पडद्यावर आणली. पण मजकूर एका नावाला बांधला गेला. मजकूर यूनिकोडमध्ये असता तर तो कोणत्याही नावाखाली वाचता आला असता. कामाला बांधायचे की नावाला, हा प्रश्न तिथेही तोच होता. त्या काळात टाइप केलेले कितीतरी लेख आज वाचता येत नाहीत. ते जळाले नाहीत, कोणी बंदीही घातली नाही. फक्त ज्या एका प्रोग्रामवर ते अवलंबून होते, तो उरला नाही.

म्हणून मला काही सांगायचे आहे, विशेषतः पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना. तुम्ही ज्या दिवशी एखाद्या पॅकेजच्या 'डिपेंड्स'च्या ओळीत नाव लिहाल, त्या दिवशी स्वतःला विचारा : याशिवाय खरोखर चालणार नाही, की हे माझ्या टेबलावर आहे म्हणून लिहितो आहे? शक्य असेल तिथे पद लिहा, नाव नको. आणि जिथे आपली लिपी मोडलेली दिसेल, तिथे त्रुटी नोंदवा, चित्रासकट नोंदवा. यादी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपली लिपी वाचता येत नाही. ती मोडली आहे हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार कसे?

आमच्या खोलीतली गोष्ट अशी संपली. माजी विद्यार्थ्याने जुने टर्मिनल काढले नाही. राहू दे म्हटले, त्यालाही घर आहे. त्याने शब्दसंग्रहाच्या चिन्हामागची आज्ञाच बदलली, तिच्यात थेट नव्या टर्मिनलचे नाव घातले. मी त्याला म्हटले, "म्हणजे तूही शेवटी नावालाच बांधलेस की!" तो हसला. "हो आपा. पण नाव तुम्ही सांगितलेले आहे."

त्या मुलीला मी पुन्हा बोलावले. तिने शब्द टाइप केला, ओळ आली. 'किताब' जागेवर होती. 'जिल्हा'ची वेलांटी अजून किंचित हलते आहे, ते काम बाकी आहे. तिला मी एवढेच सांगितले की उर्दू कधी तुटली नव्हती, बेटा. ती खिडकी उर्दूच्या मापाने केलेली नव्हती.